विश्लेषण : दिव्यांग कामगारांना किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देण्याचा परवाना... अमेरिकेत तो अजून का टिकून आहे?

अमेरिकेत केंद्रीय किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे. २००९ पासून हा दर बदललेला नाही आणि तो फार कमी असल्याची तक्रार तिथले कामगार सतत करतात. पण या दराच्याही खाली, तासाला तीन डॉलर, दीड डॉलर, अगदी काही सेंट मजुरी घेणारे हजारो कामगार त्या देशात आहेत आणि त्यांना तेवढेच देणे पूर्णपणे कायदेशीर आहे. अट एकच. कामगार दिव्यांग असला पाहिजे आणि मालकाकडे केंद्रीय कामगार खात्याचे प्रमाणपत्र असले पाहिजे. ही सवलत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा प्रस्ताव बायडेन प्रशासनाने डिसेंबर २०२४ मध्ये मांडला होता. नवी प्रमाणपत्रे थांबवायची आणि जुन्या प्रमाणपत्रधारकांना तीन वर्षांची मुदत द्यायची, असे त्याचे स्वरूप होते. ट्रम्प प्रशासनाने जुलै २०२५ मध्ये तो मागे घेतला. कायद्याने दिलेली सवलत कायमची बंद करण्याचा अधिकार खात्याला नाही, तो काँग्रेसचा म्हणजे तिथल्या संसदेचा आहे, असे कारण देण्यात आले. त्यामुळे १९३८ पासूनची ही तरतूद आजही लागू आहे.

परवाना कुणाला मिळतो?

‘फेअर लेबर स्टँडर्ड्‌स ॲक्ट’ या कायद्याच्या कलम १४(क) मध्ये ही तरतूद आहे. अमेरिकेत तिला ‘फोर्टीन-सी’ म्हणतात. दिव्यांगत्वामुळे एखाद्याची ‘दिलेले काम करण्याची’ क्षमता कमी होत असेल, तर त्या प्रमाणात त्याला कमी मजुरी देण्याची मुभा मालकाला मिळते. दिव्यांगत्व आहे एवढ्यावर मजुरी कापता येत नाही. त्या विशिष्ट कामात त्यामुळे उत्पादन घटते, हे मालकाने दाखवायचे असते.

हा मालक म्हणजे एखादा लोभी कारखानदार असेल, असे चित्र डोळ्यांसमोर येणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात प्रमाणपत्रधारकांपैकी ९० टक्क्यांहून अधिक पुनर्वसन संस्था आहेत. त्यातल्या बऱ्याचशा धर्मादाय, ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या. त्या ‘शेल्टर्ड वर्कशॉप’ म्हणजे संरक्षित कार्यशाळा चालवतात. बाहेरच्या कंपन्यांकडून कंत्राटे घेतात आणि कार्यशाळेतल्या लोकांकडून ती पुरी करून घेतात. स्क्रू मोजून पिशव्यांत भरणे, कागद फाडणे, देणगीत आलेले कपडे निवडणे अशी ती कामे असतात. कामगारांमध्ये बहुसंख्य बौद्धिक किंवा विकासात्मक दिव्यांगत्व असलेले. म्हणजे स्वतःच्या मजुरीबद्दल भांडायला ज्यांना सर्वांत अवघड जाते, तेच.

मजुरी ठरते कशी?

या वादाचे मूळ मोजणीच्या पद्धतीत आहे, त्यामुळे ती नीट समजून घेतली पाहिजे. कलमात कमाल-किमान असा कुठलाही आकडा नाही. ‘समप्रमाणात मजुरी’ एवढेच तत्त्व आहे आणि ते तीन आकड्यांवर चालते.

पहिला आकडा प्रचलित दराचा. त्याच भागात तेच काम करणाऱ्या, दिव्यांग नसलेल्या अनुभवी कामगाराला काय मिळते, याची चौकशी करून तो काढायचा. दुसरा आकडा प्रमाण उत्पादनाचा. दिव्यांग नसलेल्या व्यक्तीला ते काम करायला बसवायचे, स्टॉपवॉच लावायचे आणि तासात किती नग होतात ते मोजायचे. हात धुणे, थकवा, मध्ये येणारे अडथळे यांसाठी तासामागे साधारण ९ ते १० मिनिटे वजा धरायची. कारखान्यांत टाइम स्टडी करतात तीच ही पद्धत. तिसरा आकडा दिव्यांग कामगाराच्या स्वतःच्या उत्पादनाचा. तासावर काम करणाऱ्यांची ही मोजणी दर सहा महिन्यांनी पुन्हा करावी लागते.

उदाहरण घेऊ. समजा, काम आहे हॉटेलसाठी काटा, चमचा आणि सुरी कागदी रुमालात गुंडाळण्याचे. प्रचलित दर तासाला १२ डॉलर. प्रमाण उत्पादन तासाला १०० गुंडाळ्या. कार्यशाळेतली एक मुलगी ३५ करते. तिची उत्पादकता ३५ टक्के, म्हणून मजुरी १२ डॉलरच्या ३५ टक्के, म्हणजे ४.२० डॉलर. हिशेबात चूक नाही.

आता तिच्यासमोर खाचा पाडलेला एक लाकडी ट्रे ठेवला. काटा-चमचा कुठल्या क्रमाने उचलायचा, हे आता तिला आठवावे लागत नाही, हात आपोआप पुढच्या खाचेकडे जातो. ती तासाला ६० वर पोहोचली. मजुरी झाली ७.२० डॉलर. (तरीही केंद्रीय किमान दराच्या पाच सेंट खालीच.) या दोन मोजण्यांच्या मध्ये तिच्या दिव्यांगत्वात काहीही फरक पडलेला नाही. फरक पडला तो ट्रेमुळे.

टाइम स्टडीचा पहिला धडा हाच असतो, की आधी पद्धत सुधारा आणि मग वेळ मोजा. घड्याळ माणसाचा वेग दाखवते, तसा टेबलाच्या उंचीचा, अवजाराचा, सूचना कशा दिल्या याचाही परिणाम दाखवते. कलम १४(क) मात्र ही सगळी बेरीज कामगाराच्या खात्यावर मांडते. काम कोणते द्यायचे, ट्रे द्यायचा की नाही आणि स्टॉपवॉच केव्हा दाबायचे, हे तिन्ही निर्णय मजुरी देणाऱ्याच्या हातात असतात. ट्रे न देण्यात त्याचा पैसा वाचतो. गुंडाळ्या करण्यात संथ असलेली हीच मुलगी संगणकावर नोंदी करण्यात किंवा झाडांना पाणी घालण्यात तेवढी संथ नसेलही, पण तिला दुसरे काम मिळत नाही तोवर तिची किंमत गुंडाळ्यांवरच ठरते.

शिवाय शेजारच्या टेबलावर दिव्यांग नसलेला एखादा आळशी कामगार तासाला ७० गुंडाळ्या करत असेल, तर त्याच्यावर कोणी स्टॉपवॉच धरत नाही. त्याला किमान वेतन पूर्ण मिळते. फार तर मालक त्याला काढून टाकेल. पण ‘तू सत्तर टक्के माणूस आहेस’ असे म्हणून सत्तर टक्के पगार देऊ शकत नाही. किमान वेतनाची कल्पनाच अशी आहे, की एका विशिष्ट रेषेखाली श्रमाचा सौदा होऊ द्यायचा नाही. ती रेषा उत्पादकता मोजून आखलेली नसते.

मजुरी चुकीची ठरली असे वाटले, तर कामगार कामगारमंत्र्यांकडे दाद मागू शकतो आणि प्रकरण प्रशासकीय न्यायाधीशापुढे जाते. ही तरतूद कागदावर होती, वापर क्वचितच. ओहायो राज्यातल्या सेनेका काउंटीत अशाच एका कार्यशाळेतल्या तीन कामगारांनी ती वापरली आणि २०१६ मध्ये ते जिंकले. दिव्यांगत्वामुळे त्यांची दिलेल्या कामातली क्षमता कमी होते, हे मालकाला सिद्ध करता आले नाही, असा निष्कर्ष न्यायाधीशांनी काढला.

ही तरतूद आली कुठून?

महामंदीच्या काळात, १९३४ मध्ये, रूझवेल्ट प्रशासनाने उद्योगांसाठी वेतनाचे नियम केले, तेव्हाच दिव्यांगांना त्यातून सूट देणारा आदेश निघाला. ती व्यवस्था पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. १९३८ मध्ये नवा कायदा आला, तासाला २५ सेंट असे पहिले देशव्यापी किमान वेतन ठरले आणि सूटही त्यात परत आली. युद्धात किंवा कारखान्यात हातपाय गमावलेल्यांना पूर्ण दराने कोण कामावर ठेवणार, ही त्यावेळची चिंता होती. त्या काळात ती खोटी नव्हती. दिव्यांगांशी भेदभाव करू नये, असे सर्वंकषपणे सांगणारा कायदा अमेरिकेत यायला अजून ५२ वर्षे होती.

पुढे मात्र चमत्कारिक वळण आले. १९६६ च्या दुरुस्तीने बहुतेक कार्यशाळांना किमान वेतनाच्या निम्म्यापेक्षा खाली जायला बंदी घातली होती. १९८६ मध्ये काँग्रेसने तो तळच काढून टाकला. चार वर्षांनी, १९९० मध्ये, ‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट’ आला आणि नोकरीतला भेदभाव बेकायदा ठरला. पण १४(क) ला त्याने हात लावला नाही. एकाच देशात एक कायदा समान संधी द्यायला सांगतो आणि दुसरा कमी मजुरीचे प्रमाणपत्र देतो, अशी स्थिती तेव्हापासून आहे.

अटॅलिसामध्ये काय घडले?

आयोवा राज्यातल्या अटॅलिसा या छोट्या गावात टेकडीवर एक जुनी शाळा होती. टेक्सासमधल्या ‘हेन्रीज टर्की सर्व्हिस’ या कंपनीने १९७० च्या दशकापासून तिथे बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या पुरुषांना ठेवले. टेक्सासच्या सरकारी संस्थांमधून आणलेली ही माणसे पहाटे उठून शेजारच्या वेस्ट लिबर्टीतल्या प्रक्रिया कारखान्यात जात आणि टर्की पक्षी सोलण्या-साफ करण्याच्या साखळीवर उभी राहत. राहण्या-जेवण्याचा आणि ‘देखभालीचा’ खर्च कापून महिन्याला प्रत्येकाच्या हातात ६५ डॉलर पडत. कितीही तास काम केले तरी तेवढेच. त्याच साखळीवर तेच काम करणाऱ्या इतर कामगारांना तासाला ११ ते १२ डॉलर मिळत होते.

कंपनी आपला बचाव याच सवलतीच्या आधारे करत आली होती. कामगार खात्याच्या तपासणीत आधीही त्रुटी निघाल्या होत्या, तरी व्यवस्था चालूच राहिली. २००९ च्या फेब्रुवारीत सरकारी यंत्रणेने ती शाळा रिकामी केली, तेव्हा आतली अवस्था राहण्याच्या लायकीची नव्हती. काही जण तिथे तीस वर्षांहून अधिक काळ राहिले होते.

समान रोजगार संधी आयोगाने खटला भरला. थकीत वेतनापोटी २०१२ मध्ये १३ लाख डॉलर मंजूर झाले. मे २०१३ मध्ये डॅव्हनपोर्टच्या ज्यूरीने ३२ जणांना प्रत्येकी ७५ लाख, म्हणजे एकूण २४ कोटी डॉलर भरपाई द्यायला सांगितली. बातम्या जगभर झळकल्या. पण कंपनीतल्या कामगारसंख्येनुसार भरपाईवर कायदेशीर कमाल मर्यादा आहे आणि या कंपनीसाठी ती माणशी ५० हजार डॉलर होती. त्यामुळे २४ कोटींचे १६ लाख झाले.

अटॅलिसा हा टोकाचा प्रकार होता. प्रत्येक कार्यशाळा तशी असते असे म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र प्रमाणपत्र एकदा दिले की मोजणी खरी झाली का, हे पाहणारी यंत्रणा किती विरळ आहे, हे या प्रकरणाने दाखवले.

आज किती जण या सवलतीखाली आहेत?

आकडा झपाट्याने उतरतो आहे. २००१ मध्ये सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने (जीएओ) असे सुमारे ४ लाख २४ हजार कामगार मोजले होते. त्याच कार्यालयाच्या जानेवारी २०२३ च्या अहवालानुसार २०१० मधली २ लाख ९६ हजार ही संख्या २०१९ मध्ये १ लाख २२ हजारांवर आली. निम्म्याहून अधिक जणांना तासाला साडेतीन डॉलरपेक्षा कमी मिळत होते. २०२४ मध्ये प्रस्ताव मांडताना कामगार खात्याने दिलेला आकडा ४० हजारांच्या आसपास होता.

घट होण्यामागे राज्यांचे कायदे आहेत, तसा केंद्राचा २०१४ चा मनुष्यबळ कायदाही आहे. २४ वर्षे किंवा त्याहून कमी वयाच्या तरुणाला थेट कमी मजुरीवर घेता येत नाही, आधी त्याला खुल्या बाजारातल्या नोकरीसाठी मदत मिळाली पाहिजे, अशी अट त्याने जुलै २०१६ पासून लागू केली. शाळेतून थेट कार्यशाळेत जाणारी वाट त्यामुळे अरुंद झाली. नागरी हक्क आयोगाने २०२० मध्ये सवलत संपवण्याचीच शिफारस केली. तसे विधेयक काँग्रेसमध्ये दोन्ही पक्षांच्या पाठिंब्याने अनेकदा मांडले गेले, पण मंजूर झालेले नाही.

मग पालकच विरोध का करतात?

अंधांच्या राष्ट्रीय महासंघासारख्या दिव्यांगांच्या संघटना या सवलतीविरुद्ध वर्षानुवर्षे लढत आहेत. सवलत राहावी म्हणून धडपडणाऱ्यांत कार्यशाळा चालवणाऱ्या संस्था आहेत, तसे अनेक कामगारांचे आई-वडीलही आहेत. डिसेंबर २०२४ च्या प्रस्तावावर हरकती पाठवणाऱ्यांतही असे पालक होते.

त्यांचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. चाळिशीतल्या, तीव्र बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलासाठी कार्यशाळा म्हणजे सकाळी येणारी बस, ओळखीची माणसे, स्वतःच्या नावाचा डबा आणि शुक्रवारी मिळणारा पगाराचा कागद. त्यावरचा आकडा त्याला महत्त्वाचा नसतो. कार्यशाळा बंद झाली तर बाहेर कोणी त्याला ७.२५ डॉलरने ठेवेल का? ठेवले तरी आठवड्याला तीस तासांऐवजी आठच तास मिळाले, तर उरलेला दिवस तो कुठे घालवणार? सत्तरी ओलांडलेल्या आईच्या तोंडी हा प्रश्न आला की ‘समान हक्क’ हे उत्तर तोकडे पडते.

पण या प्रश्नात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. दिवसभर सुरक्षित जागा, सोबत आणि देखरेख ही सेवा झाली. तिचा खर्च अमेरिकेत मोठ्या प्रमाणात मेडिकेड या सरकारी योजनेतून भागतो. मजुरी हा वेगळा विषय आहे. कंत्राटाचे काम कामगार पुरे करतो, कंपनी त्याचे पैसे संस्थेला देते. सेवा हवी म्हणून मजुरी कमी असलीच पाहिजे, असे दोहोंमध्ये काहीच बांधलेले नाही. सेवा चालू ठेवून सवलत काढता येते, फक्त त्यासाठी संस्थेला काम बदलावे लागते. कंत्राटे आणण्याऐवजी बाहेरच्या दुकानात, रुग्णालयात, गोदामात नोकऱ्या शोधायच्या आणि सुरुवातीचे महिने कामगाराच्या शेजारी मार्गदर्शक उभा करायचा. त्याला पैसा आणि माणसे लागतात. ऱ्होड आयलंड राज्याने २०१४ मध्ये केंद्रीय न्याय विभागाशी झालेल्या समझोत्यात हाच मार्ग पत्करला आणि त्यासाठी दहा वर्षांची मुदत घेतली.

जास्त कमावले तर सरकारी मदत तुटते का?

पालकांची दुसरी भीती ही. गरीब दिव्यांगांना ‘एसएसआय’ नावाचा मासिक निर्वाह भत्ता मिळतो. २०२५ मध्ये एकट्या व्यक्तीसाठी तो कमाल ९६७ डॉलर होता. कमाईतले पहिले ८५ डॉलर सोडून उरलेल्या रकमेच्या निम्मा भत्ता कापला जातो. म्हणजे महिन्याला ५०० डॉलर कमावणाऱ्याचा भत्ता २०७.५० डॉलरने घटतो, तरी हातात एकूण १,२५९.५० डॉलर येतात. काम करून तोटा होत नाही.

खरी अडचण बचतीत आहे. खात्यात २,००० डॉलरपेक्षा जास्त साठले की भत्त्याची पात्रता जाते. ही मर्यादा १९८९ पासून तशीच आहे. आई-वडिलांच्या विमा नोंदीवरून भत्ता घेणाऱ्यांसाठी आणखी एक कडा आहे. २०२५ मध्ये महिन्याला १,६२० डॉलरपेक्षा अधिक कमाई टिकली तर तो भत्ता हळूहळू नव्हे, सगळाच बंद होऊ शकत होता. मजुरी वाढवायची आणि या मर्यादा तशाच ठेवायच्या, हे अर्धवट काम ठरते.

राज्यांनी काय केले?

काँग्रेसची वाट न पाहता राज्यांनी आपापले कायदे केले. न्यू हॅम्पशायर २०१५ मध्ये पहिले. मेरीलँड, अलास्का, ओरेगॉन मागोमाग आले. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये कायदा करून १ जानेवारी २०२५ पासून सवलत संपवली. इलिनॉयच्या कायद्यावर जानेवारी २०२५ मध्ये सही झाली, तिथे २०२९ अखेरपर्यंत मुदत आहे. केंद्राचा प्रस्ताव मागे घेतला गेला तरी राज्यांच्या या कायद्यांना धक्का लागत नाही. त्यामुळे एकाच प्रकारच्या कामासाठी लॉस एंजेलिसमध्ये पूर्ण किमान वेतन आणि कायदा न बदललेल्या राज्यात तीन डॉलर, असे चित्र आणखी काही वर्षे राहील.

भारतात काय स्थिती आहे?

हा फक्त अमेरिकेचा प्रश्न आहे असे वाटत असेल, तर आपला किमान वेतन कायदा, १९४८ उघडून पाहावा. त्याच्या कलम २६(१) नुसार दिव्यांग कामगारांच्या वेतनाला हा कायदा लागू होणार नाही, असा आदेश सरकार काढू शकत होते. अमेरिकेप्रमाणे उत्पादकता मोजण्याची, सहा महिन्यांनी फेरमोजणीची अट तिथे नव्हती. ‘योग्य वाटतील त्या अटी’ सरकारने घालाव्यात, एवढेच. हा कायदा आता वेतन संहिता, २०१९ मध्ये सामावला आहे आणि संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. सरकारने ठरवलेल्या किमान दरापेक्षा कमी वेतन कोणत्याही मालकाने कोणत्याही कर्मचाऱ्याला देऊ नये, असे तिचे कलम ५ सांगते.

इथे ‘कर्मचारी’ हा शब्द कळीचा ठरतो. महाराष्ट्रात बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या प्रौढांच्या कार्यशाळांत पणत्या रंगवल्या जातात, राख्या, कागदी पिशव्या, उटण्याची पाकिटे तयार होतात. दिवाळीत सोसायट्या आणि कंपन्या त्या आवर्जून विकत घेतात. काम करणाऱ्यांना मिळते ते मानधन किंवा विद्यावेतन, कारण कागदोपत्री ते प्रशिक्षणार्थी किंवा लाभार्थी असतात. अठराव्या वर्षी आलेला मुलगा पस्तिशीतही ‘प्रशिक्षण’ घेत असतो. अनेक ठिकाणी विक्रीतून संस्थेचा खर्चही निघत नाही, पालक उलट शुल्क भरतात, हेही खरे. नफा लाटला जातो असा आरोप सरसकट करता येणार नाही. पण कंपनीने हजार पणत्यांची ऑर्डर देऊन त्याचे पैसे मोजले असतील, तर ते काम होते की प्रशिक्षण, हा प्रश्न शिल्लक राहतो.

दिव्यांगांच्या हक्कांच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराचे कलम २७ समान मोलाच्या कामाला समान मोबदला मागते. भारताने ऑक्टोबर २००७ मध्ये त्याला मान्यता दिली आणि त्याच करारावर आधारित हक्क कायदा २०१६ मध्ये केला. त्यात सरकारी नोकऱ्यांमध्ये चार टक्के आरक्षण आहे. अमेरिकेने करारावर २००९ मध्ये सही केली, मात्र डिसेंबर २०१२ मध्ये सिनेटमध्ये तो दोन तृतीयांश मतांअभावी अडला. करार न मानणाऱ्या देशात निदान तासाला किती डॉलर दिले, याची सरकारदरबारी नोंद असते. आपल्याकडे कार्यशाळेत पणतीमागे किती रुपये हातात पडतात, हे बहुतेकदा त्या संस्थेच्या वहीतच राहते.